क्ष-किरणांची मात्रा

आपल्याकडील जुन्या घरांतून लहान मुलाला गुटी देण्याची रीत होती. घरांतील वडील बाई सहाणेवर एकेक औषध उगाळतांना वेढे मोजीत असे. वेढा कमी पडला तर गुण येत नाहीं, आणि चार वेढे अधिक झाले तर औषधच बाधतें, हें तिला कोणत्याहि ग्रंथावांचून ठाऊक असे. औषध आणि विष ह्यांच्यामधली भिंत पुष्कळदां केवळ मात्रेची असते. आज ज्या विषयावर मी आपणांशीं बोलणार आहे तो दिसावयास फार आधुनिक आहे. क्ष-किरण, आणि त्यांच्याच जातीचे रेडियमचे किरण, ह्यांनीं रोगाचें निदान व रोगाचा उपचार ह्या दोन्ही कामीं केवढी क्रांति घडवून आणली, त्याची ही हकीकत आहे. परंतु ती बारकाईनें पाहिली म्हणजे तिचें सूत्र मात्रेपाशींच येऊन पोहोंचतें. हे किरण सांपडण्यास एक संध्याकाळ पुरली. त्यांची मात्रा कळण्यास मात्र तीसांहून अधिक वर्षें लागलीं आणि कित्येक माणसांचे प्राण खर्चीं पडले.

क्ष-किरणांपूर्वीं वैद्यकाची स्थिति कशी होती, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. वैद्य नाडी पाही, जीभ पाही, पोट चांचपून पाही. १८१६ सालीं लेनेक ह्या फ्रेंच डॉक्टरानें छातीला नळी लावून आंतले ध्वनि ऐकण्याची युक्ति काढली, तेव्हां निदानाला कान मिळाले. पण डोळे मिळाले नव्हते. ही उणीव किती जीवघेणी होती, ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८८१ सालच्या जुलैच्या २ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत गोळी झाडण्यांत आली. गोळी पाठींतून आंत शिरली आणि आंतच राहिली. देशांतील नामांकित डॉक्टर जमले. ती सांपडावी म्हणून त्यांनीं जखमेंत बोटें घातलीं, सळया घातल्या. टेलिफोनचा जनक ग्रॅहॅम बेल ह्यानें धातूचा ठाव लागतांच आवाज करणारें विजेचें एक यंत्र तयार करून आणलें. परंतु गोळी उजवीकडेच असली पाहिजे असा मुख्य डॉक्टरांचा ग्रह झाला होता, म्हणून शोधहि उजवीकडेच झाला. जखम चिघळली, तिचें विष अंगभर पसरलें, आणि १९ सप्टेंबरला गारफील्ड निवर्तले. नंतर शवपरीक्षेंत गोळी डावीकडे निघाली; तिच्याभोंवतीं शरीरानें पडदा धरला होता, आणि ती आहे तेथें राहूं दिली असती तर बहुधा विशेष अपाय झाला नसता. डॉक्टरांना आंतलें दिसत नव्हतें, आणि तें पाहण्याच्या खटपटींतच रोगी गेला.

ह्या घटनेला चवदा वर्षें लोटल्यावर, १८९५ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस, जर्मनींतील वुर्त्सबुर्ग विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्हेल्म कॉनराड राँटगेन आपल्या प्रयोगशाळेंत एकटेच काम करीत होते. त्यांचें वय त्या वेळीं पन्नास वर्षांचें होतें. हवा काढून घेतलेल्या कांचेच्या नळींतून विजेचा प्रवाह सोडला असतां काय होतें, ह्याचा अभ्यास त्या काळीं युरोपांतील अनेक शास्त्रज्ञ करीत असत. राँटगेननीं नळी काळ्या पुठ्ठ्यानें सर्व बाजूंनीं झांकली होती आणि खोलींत अंधार केला होता. प्रवाह सुरू होतांच, कांहीं अंतरावर असलेला, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा एकाएकीं चमकूं लागला. नळींतून उजेड बाहेर येण्यास वाट नव्हती. तरीहि कांहीं तरी बाहेर येत होतें आणि पुठ्ठ्यांतून आरपार जात होतें. पुढचे सात आठवडे त्यांनीं ह्या अदृश्य किरणांसमोर लांकूड, पुस्तकें, निरनिराळ्या धातूंचे पत्रे धरून पाहिले. त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं, पदार्थ जितका हलका तितके किरण त्यांतून सहज जातात, आणि शिशासारखा जड पदार्थ मात्र त्यांना अडवितो. २२ डिसेंबरला त्यांनीं आपल्या पत्नीचा, बर्थाबाईंचा, हात छायाचित्राच्या कांचेवर ठेवविला. चित्रांत बोटांचीं हाडें उमटलीं, आणि एका बोटाच्या हाडाभोंवतीं अधांतरीं असावी तशी अंगठी दिसली. जिवंत माणसाच्या अस्थि त्याला कोठेंहि न कापतां दिसल्या.

२८ डिसेंबरला त्यांनीं आपला निबंध वुर्त्सबुर्गच्या विद्वत्सभेकडे दिला. किरणांचें खरें स्वरूप कळलें नव्हतें, म्हणून बीजगणितांत अज्ञात राशीला जें अक्षर योजतात तेंच त्यांनीं किरणांना दिलें. आपल्या बीजगणितांत तें काम 'क्ष' हें अक्षर करीत आलें आहे. त्यामुळें मराठींत ते क्ष-किरण झाले. हें नांव अगदीं यथार्थ होतें. हे किरण म्हणजे प्रकाशाच्याच जातीच्या, परंतु अत्यंत आंखूड लांबीच्या लहरी आहेत, हें म्युनिकच्या फॉन लाउए ह्यांच्या सूचनेवरून झालेल्या प्रयोगानें १९१२ सालीं सिद्ध झालें. तोंपर्यंतचीं सोळा-सतरा वर्षें जगभरचे डॉक्टर खरोखरीच एका अज्ञात राशीला घेऊन रोग्यांवर काम करीत होते. ही गोष्ट पुढच्या हकीकतीसाठीं लक्षांत ठेवावी.

राँटगेननीं ह्या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें, तेव्हां त्याची रक्कमहि त्यांनीं आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली. शोध कोणालाहि मोकळा असल्यामुळें, आणि लागणारें साहित्य बहुतेक मोठ्या कॉलेजांतून आधींच असल्यामुळें, तो वणव्यासारखा पसरला. १८९६ च्या जानेवारींतच बर्मिंगहॅमच्या डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स ह्यांनीं एका हातांत रुतलेली सुई ह्या किरणांनीं दाखविली. हिंदुस्थानांतहि ही विद्या फार लवकर आली. १८९७-९८ सालीं वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम झाली, तेव्हां सर्जन-मेजर बीव्हर ह्यांनीं हें नाजूक उपकरण त्या डोंगराळ मुलुखांत नेलें आणि जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या हुडकल्या. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बसु ह्यांनीं त्याच सुमारास असें उपकरण स्वतः जुळविलें. गारफील्डच्या मृत्यूनंतर सतरा वर्षें पुरीं झालीं नव्हतीं, तों एका राष्ट्राध्यक्षाला जें भाग्य लाभलें नाहीं तें तिराहच्या साध्या शिपायाला लाभलें.

आरंभीं हे किरण हाडांपुरते आणि गोळ्यांपुरतेच उपयोगी वाटत होते. ह्याचें कारण सोपें आहे. हाडांतील चुना किरणांना अडवितो आणि त्याची छाया स्पष्ट पडते. पण जठर, आंतडीं, रक्तवाहिन्या ह्या सर्वांची घनता जवळजवळ सारखीच असल्यामुळें त्यांच्या छाया एकमेकींत मिसळून जातात. ही अडचण हार्वर्ड येथें वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या वॉल्टर कॅननच्या प्रयोगांनीं दूर झाली. १८९६ पासून त्यानें जनावरांच्या अन्नांत बिस्मथचा क्षार मिसळून तें गिळतांना व पचतांना किरणांखालीं पाहिलें. बिस्मथ जड असल्यामुळें अन्नाचा मार्ग काळ्या रेघेसारखा दिसूं लागला, आणि जठराची हालचाल मनुष्यानें प्रथमच चालू असतांना पाहिली. पुढें बिस्मथच्या जागीं बेरियम आलें. जठरांतील व्रण, अन्ननलिकेंतील अडथळा, आंतड्यांतील गांठ हीं एकेकाळीं शवपरीक्षेंतच उलगडणारीं कोडीं रोगी चालताबोलता असतांनाच सुटूं लागलीं. फुप्फुसांत हवा असल्यामुळें तेथील क्षयाचा डाग तर विशेष परिश्रमांवांचूनच दिसे. निदानाला डोळे मिळाले, ते असे.

परंतु ह्याच सुमारास एक वेगळी गोष्ट लोकांच्या नजरेस येऊं लागली होती. किरणांसमोर फार वेळ बसलेल्या माणसांचे केस गळत, कातडी लाल होई. व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड ह्यांच्या मनांत आलें कीं, जें बाधतें त्याचें औषध करतां येईल. १८९६ च्या अखेरीस पांच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरील केसाळ चट्ट्यावर त्यांनीं हे किरण पुष्कळ दिवस सोडले. केस गळून पडले, ही सिद्धि. आणि त्याच जागीं मोठा व्रण झाला, ही त्या सिद्धीची किंमत. क्ष-किरणांनीं केलेल्या उपचाराच्या अगदीं आरंभींच गुण आणि दोष असे एकाच पाठीवर शेजारीं शेजारीं उमटलेले आहेत.

रेडियमची कथाहि ह्याहून निराळी नाहीं. १८९६ सालीं बेकरेल ह्यांना युरेनियमपासून आपोआप निघणारे किरण आढळले. १८९८ सालीं मेरी आणि पिएर क्युरी ह्यांनीं पॅरिसमध्यें रेडियम हें मूलद्रव्य शोधून काढलें. १९०१ सालीं बेकरेल रेडियमची लहानशी नळी जाकिटाच्या खिशांत घालून हिंडले, आणि कांहीं दिवसांनीं बरोबर त्याच जागीं त्यांच्या कातडीवर भाजल्यासारखा डाग उठला. पिएर क्युरी ह्यांनीं तर मुद्दाम आपल्या दंडावर रेडियम बांधून तो व्रण कसा होतो व किती दिवसांनीं भरतो, ह्याची टिपणें ठेविलीं. निरोगी कातडी जर ह्यानें जळते, तर कातडीवरील कर्करोग का जळूं नये? ह्याच विचारांतून रेडियमचा उपचार निघाला, आणि जेथें शस्त्र पोहोंचत नव्हतें अशा कांहीं ठिकाणच्या गांठी खरोखरच विरघळूं लागल्या.

आतां मनांत सहज असा प्रश्न येतो कीं, इतके स्पष्ट इशारे मिळत असतां लोक सावध का झाले नाहींत? ह्याचें उत्तर किरणांच्या स्वभावांत आहे. निखाऱ्याला हात लागला तर तो तत्क्षणीं मागें घेतला जातो. हे किरण अंगांतून जातांना ऊब लागत नाहीं, वेदना होत नाहीं. कातडी लाल होते ती कांहीं दिवसांनीं. व्रण होतो तो कांहीं आठवड्यांनीं. आणि त्या व्रणांतून कर्करोग उद्भवतो तो कांहीं वर्षांनीं. कारण आणि कार्य ह्यांच्यामध्यें इतकें अंतर पडलें म्हणजे शहाण्या माणसालाहि त्यांचें नातें ओळखूं येत नाहीं. त्यांतून त्या वेळच्या नळ्या लहरी असत. आंतील हवेचें मान थोडें बदललें कीं किरणांचा जोर बदले. आज नळी कशी चालली आहे, हें पाहण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे आपलाच हात मध्यें धरून हाडें कशीं दिसतात तें बघणें. दिवसांतून कितीदां तरी, वर्षानुवर्षें, हे लोक आपला हात मोजपट्टीसारखा वापरीत गेले.

अमेरिकेंत एडिसननें १८९६ सालीं किरण प्रत्यक्ष पाहण्याचा पडदा सुधारण्याचें काम हातीं घेतलें होतें. त्याचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली हा नळ्या तयार करी आणि स्वतःच्या हातावर त्यांची परीक्षा घेई. डावा हात दुखावला तेव्हां त्यानें उजवा पुढें केला. पुढें कर्करोगानें ग्रासलेले त्याचे दोन्ही हात कापावे लागले, आणि तरीहि १९०४ सालीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं तो मरण पावला. एडिसननें ह्या किरणांचें काम कायमचें सोडून दिलें. हातांतील सुई दाखविणाऱ्या बर्मिंगहॅमच्या हॉल-एडवर्ड्सना आपला डावा हात आणि उजव्या हाताचीं बोटें गमवावीं लागलीं. दुसऱ्याच्या हातांत रुतलेलें पाहतां पाहतां ज्यांचे स्वतःचे हात गेले, अशा ह्या पिढीला त्यांच्या समव्यवसायींनीं हुतात्मे म्हटलें, तें योग्यच झालें. १९३६ सालीं जर्मनींतील हँबुर्ग येथें सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत त्यांचें स्मारक उभारलें. त्या शिलेवर पंधरा देशांतील १६९ नांवें कोरलेलीं होतीं. पुढें ती संख्या साडेतीनशेंच्या वर गेली. त्यांत डॉक्टर आहेत, पदार्थशास्त्रज्ञ आहेत, नळ्या हाताळणारे साधे कारागीर आहेत, परिचारिका आहेत.

मेरी क्युरी ह्यांचें नांव ह्या प्रकरणांत अनेक परींनीं येतें. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां जखमी सैनिकाला क्ष-किरणांपर्यंत आणण्यापेक्षां क्ष-किरणच सैनिकापर्यंत न्यावे, असें त्यांनीं ठरविलें. मोटारींत उपकरण बसवून, मोटारीच्याच शक्तीवर वीज उत्पन्न करून, त्यांनीं सुमारें वीस फिरत्या गाड्या आघाडीजवळ पाठविल्या. त्यांना सैनिक कौतुकानें 'छोट्या क्युरी' म्हणत. शिवाय दोनशें ठिकाणीं त्यांनीं क्ष-किरणांच्या खोल्या उभारल्या आणि दीडशेंच्या आसपास स्त्रियांना हें काम शिकविलें. त्यांची कन्या इरेन सतरा वर्षांची असतांनाच ह्या कामांत पडली. त्या युद्धांत दहा लाखांवर जखमींची ह्या सोयींमुळें तपासणी झाली. पण आयुष्यभर रेडियम व क्ष-किरण ह्यांच्या सान्निध्यांत राहिलेल्या ह्या थोर स्त्रीच्या रक्तांतील पेशी अखेर नव्यानें तयार होईनाशा झाल्या, आणि १९३४ च्या जुलैच्या ४ तारखेस त्यांचा अंत झाला.

ह्या सर्व बलिदानाचें फळ म्हणजे मात्रेचें ज्ञान. तें तीन पायऱ्यांनीं आलें. पहिली पायरी यंत्राची. १९१३ सालीं अमेरिकेंतील विल्यम कूलिज ह्यांनीं तापलेल्या तारेची नवी नळी तयार केली. तीत किरणांचा जोर आणि त्यांचें प्रमाण हीं दोन्ही मनाप्रमाणें ठेवतां येऊं लागलीं. आज दिलेली मात्रा उद्यां तशीच देतां येऊं लागली. दुसरी पायरी मापाची. १९२८ सालीं स्टॉकहोम येथें जगांतील किरणवैद्यांची परिषद भरली. तेथें किरण मोजण्याचें 'राँटगेन' हें परिमाण ठरलें आणि माणसांचा किरणांपासून बचाव करण्याचे नियम सांगणारी आंतरराष्ट्रीय समिति नेमली गेली. ती समिति नांव बदलून आजहि काम करीत आहे. जें मोजतां येत नव्हतें त्याचें माप झालें, आणि शिशाचा पडदा, शिशाचा एप्रन, यंत्रापासून दूर उभें राहणें हे रोजचे आचार झाले.

तिसरी पायरी उपचाराची, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. पॅरिसमधील रेडियम इन्स्टिट्यूटमध्यें क्लोद रेगो ह्यांनीं एडक्यांवर प्रयोग केले. एडक्याच्या वृषणांतील पेशी झपाट्यानें वाढत असतात, म्हणजे त्या एका अर्थीं कर्करोगाच्या पेशींसारख्या होत. सारे किरण एकाच वेळीं सोडले तर त्या पेशी पूर्णपणें नष्ट होण्यापूर्वींच वरची कातडी जळे. परंतु तेच किरण अनेक दिवसांत वांटून दिले तर आंतील पेशी नष्ट होत आणि कातडी मात्र शाबूत राही. ह्याचें मर्म असें आहे कीं, किरणांनीं पेशींच्या केंद्रांतील आनुवंशिक धागा तुटतो. निरोगी पेशींना दोन वेळांच्या मधल्या अवकाशांत हें नुकसान बऱ्याच अंशीं भरून काढतां येतें, कर्करोगाच्या पेशींना तें तितकेंसें साधत नाहीं. रेगो ह्यांचे सहकारी आंरी कुतार ह्यांनीं ही पद्धति रोग्यांवर योजली, आणि घशाचे कांहीं कर्करोग बाहेरचा भाग न जाळतां बरे होऊं लागले. आजहि कर्करोगाच्या रोग्याला रोज थोडे थोडे असे पांच-सहा आठवडे किरण देतात, त्याचा उगम ह्या एडक्यांच्या प्रयोगांत आहे.

हा फरक आंकड्यांनीं पाहिला म्हणजे आश्चर्य वाटतें. शरीरांत मुरलेल्या किरणशक्तीचें आजचें परिमाण 'ग्रे' हें आहे. संबंध शरीरावर एकाच वेळीं चार-पांच ग्रे पडले आणि उपचार मिळाला नाहीं, तर निम्मीं माणसें दगावतात. आणि एखाद्या गांठीवर, तेवढ्याच जागीं नेम धरून, रोज दोन ग्रे ह्याप्रमाणें तीस दिवसांत साठ ग्रे दिले, तर रोगी घरीं चालत जातो. किरण तोच, जागा, काळ आणि प्रमाण हीं मात्र निराळीं.

आपल्या मुंबईचा ह्या इतिहासाशीं संबंध आला तो एका दुःखांतून. लेडी मेहरबाई टाटा ह्यांचें १९३१ सालीं वेल्समध्यें रक्ताच्या कर्करोगानें निधन झालें. जे उपचार परदेशांत मिळतात ते आपल्या देशांतील रोग्यांनाहि मिळावे, अशी त्यांचे पति सर दोराबजी टाटा ह्यांची इच्छा होती. पण पुढच्याच वर्षीं तेहि गेले. त्यांच्या मागून विश्वस्तांनीं तो संकल्प चालविला, आणि १९४१ च्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय गव्हर्नर सर रॉजर लुम्ली ह्यांच्या हस्तें उघडण्यांत आलें. १९६२ सालीं तें अणुशक्ति खात्याकडे आलें. किरणांचें शास्त्र जाणणारे आणि रोग्यांची सेवा करणारे असे एका छत्राखालीं आले. कॅनडांत १९५१ सालीं रेडियमहून पुष्कळ स्वस्त अशा कोबाल्टच्या किरणांनीं उपचार सुरू झाले होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें पुढें 'भाभाट्रॉन' हें त्याच प्रकारचें देशी यंत्र तयार केलें.

मात्रा कळली, म्हणजे माणूस सावध झाला असें मात्र नव्हे. १९३६ सालीं ब्राझीलच्या मान्युएल दि आब्रेउ ह्यांनीं पडद्यावरील छायेचें लहान आकाराचें चित्र घेण्याची स्वस्त पद्धति काढली, आणि क्षयाचा संशयहि न आलेल्या हजारों लोकांची छाती तपासतां येऊं लागली. हा किरणांचा सदुपयोग. पण त्याच दशकांत अमेरिकेंत आणि इंग्लंडांत जोड्यांच्या दुकानांतून मुलांचे पाय क्ष-किरणांच्या पेटींत घालून बूट बरोबर बसतो कीं नाहीं हें आईला दाखवीत असत. मुलें आपल्या बोटांचीं हाडें हलतांना पाहून हंसत. ही गंमत १९५० नंतरहि कित्येक वर्षें चालली. हाताच्या बोटानें चांचपून जें कळतें त्यासाठीं ज्यांची हाडें अजून वाढत आहेत अशा मुलांवर किरण सोडणें, ह्याला उपयोग म्हणावयाचें कीं उधळपट्टी, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

ह्या बेफिकिरीला खरा धक्का दिला तो ऑक्सफर्डच्या डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट ह्यांनीं. बालपणींच कर्करोगानें दगावलेल्या मुलांच्या आयांना त्यांनीं प्रश्न विचारले, आणि निरोगी मुलांच्या आयांच्या उत्तरांशीं तीं उत्तरें ताडून पाहिलीं. गर्भारपणीं ज्यांच्या पोटाचे क्ष-किरणांनीं फोटो काढले होते, त्यांच्या मुलांत असे मृत्यु सुमारें दुप्पट आढळले. १९५६ आणि १९५८ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां पुष्कळ डॉक्टरांना ते पटले नाहींत. त्यांची मान्यता मिळण्यास बराच काळ जावा लागला. पण आजच्या प्रत्येक क्ष-किरण विभागांत, स्त्री रोगी गर्भवती असल्यास आधीं सांगावें, अशी जी पाटी असते, तिच्यामागें हें संशोधन आहे. सुदैवानें १९५८ सालींच ग्लासगोचे इअन डोनाल्ड ह्यांनीं ध्वनिलहरींनीं गर्भ पाहण्याची पद्धति पुढें मांडली होती, आणि गर्भवतीसाठीं क्ष-किरणांची गरज बहुतेक उरली नाहीं.

निदानाच्या डोळ्याला सर्वांत मोठें तेज आलें तें १९७१ सालीं. साध्या क्ष-किरण चित्रांत सर्व अवयवांच्या छाया एकीवर एक पडतात. आणि कवटीच्या आंत मेंदू तर मुळींच दिसत नाहीं. तोंपर्यंत मेंदूंतील गांठ ओळखण्यासाठीं पाठीच्या कण्यांतून हवा भरून चित्र घेत, आणि तें रोग्याला अत्यंत क्लेशदायक होई. ईएमआय ह्या ब्रिटिश कंपनींतील इंजिनियर गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांनीं असा विचार केला कीं, डोक्याभोंवतीं नळी फिरवून अनेक कोनांतून किरण सोडले आणि पलीकडे पोहोंचलेल्या किरणांचें माप गणकयंत्राला दिलें, तर आंतील प्रत्येक बिंदूची घनता काढतां येईल. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत मेंदूंत गांठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीची अशी पहिली तपासणी झाली, आणि गांठ स्पष्ट दिसली. ज्याला आपण सीटी स्कॅन म्हणतों तो हा. हाउन्सफील्ड, आणि हें गणित त्यांच्याआधीं स्वतंत्रपणें मांडणारे ॲलन कॉरमॅक, ह्या दोघांना १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु ह्या तेजाचेंहि मोल आहे. आपल्या सर्वांवर जमिनींतून, आकाशांतून, अन्नांतून निसर्गतःच किरण येत असतात. त्यांचें जगांतील सरासरी मान वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट धरतात. छातीच्या एका साध्या चित्रानें एक-दशांश मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनहि कमी मात्रा मिळते, म्हणजे निसर्ग जें पंधरवड्यांत देतो तितकीच. पोटाच्या एका सीटी स्कॅननें मात्र दहाच्या आसपास मिळते, म्हणजे चार वर्षांचा निसर्गाचा वांटा एका दुपारीं. रोग गंभीर असेल तर हा सौदा फायद्याचाच आहे, आणि त्या वेळीं किरणांच्या भीतीनें तपासणी टाळणें हें अज्ञान होय. परंतु केवळ मनाच्या समाधानासाठीं, किंवा आधींचें चित्र घरांत सांपडत नाहीं एवढ्याच कारणानें, तीच तपासणी पुनः करून घेणें हेंहि अज्ञानच. आपल्या देशांत ह्या यंत्रांवर देखरेख ठेवणारें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झालें, आणि त्याची कचेरी मुंबईंतच आहे. यंत्रासमोर रोज काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची मर्यादा त्यानें घालून दिली आहे. रोग्याला मात्र अशी ठराविक मर्यादा नसते, कारण त्याची गरज निराळी. म्हणून त्याची मर्यादा डॉक्टरच्या विवेकावर आणि कुटुंबाच्या समजुतीवर सोंपविलेली आहे.

तेव्हां सुशिक्षित कुटुंबाचीं कर्तव्यें फारशीं अवघड नाहींत. काढलेलीं चित्रें आणि त्यांचे अहवाल दागिन्यांइतके नाहीं तरी दस्तऐवजांइतके जपून ठेवावे, आणि नव्या डॉक्टरकडे जातांना बरोबर न्यावे. गर्भाची शक्यता असेल तर न लाजतां आधीं सांगावें. लहान मुलाचें चित्र काढावयाचें असेल तर त्याची आवश्यकता विचारावी. असा प्रश्न विचारण्यांत डॉक्टरांचा अनादर नाहीं. आणि घरांतील कोणाला कर्करोगासाठीं किरणांचा उपचार सांगितला असेल, तर वांटून दिलेल्या मात्रांपैकीं एकहि डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून चुकवूं नये. कारण मधला ठरलेला अवकाश हा उपचाराचा भाग आहे, मनानें वाढविलेला अवकाश नव्हे.

राँटगेनच्या हातून सुटलेला किरण सव्वाशे वर्षांत तिराहच्या डोंगरांतून परळपर्यंत पोहोंचला. त्यानें असंख्य माणसांचे प्राण वांचविले आहेत. तो आज आपल्या सेवेला निर्धोकपणें उभा आहे, तो कोणा एका बुद्धिमंताच्या कल्पनेनें नव्हे. हँबुर्गच्या त्या शिलेवर ज्यांचीं नांवें आहेत त्यांनीं आपल्या बोटांवर, हातांवर आणि रक्तावर त्याची मात्रा मोजून ठेविली, म्हणून. दुसऱ्यांनीं इतकें मोल देऊन मिळविलेलें प्रमाण पाळणें, एवढेंच आपल्या वांट्याचें ऋण आहे.